मुंबई = १००

गेल्या मार्चमध्ये मला मुंबईतली एक नोकरी चालून आली. पगार पुण्यातल्यापेक्षा सव्वापट. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सव्वापट? मग राहायचं कुठे, विरारच्या पुढे?" मी म्हटलं, थांब, नीट हिशेब करू.

असल्या हिशेबासाठी हल्ली इंटरनेटवर आयती गणकयंत्रं मिळतात. एका चौकटीत राहतं शहर टाकायचं, दुसरीत जायचं शहर, तिसरीत पगार. मी तीन ठिकाणी करून पाहिलं. एकानं फायदा दाखवला, एकानं तोटा, आणि तिसऱ्यानं उत्तर द्यायच्या आधी फोन नंबर मागितला. फायदा दाखवणाऱ्याच्या यादीत जिमची फी होती, सिनेमाचं तिकीट होतं, परदेशी चीज होतं. आईची औषधं, भिशी, गावच्या देवळाची वर्गणी, गणपतीत गावी जायचं गाडीभाडं, यांतलं काहीच नव्हतं. ही यादी केली कुणी आणि कुणाचा संसार डोळ्यांपुढे ठेवून? हे एकदा डोक्यात शिरलं आणि नोकरी राहिली बाजूला. मी जुन्या कागदांत घुसलो. घरच्यांना ही माझी खोड माहीत आहे, म्हणून कुणी काही बोललं नाही.

मुंबई सरकारनं १९२१ मध्ये कामगार कार्यालय काढलं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्याचं इंग्रजी मासिक सुरू झालं. सरकारला गिरणी कामगाराच्या पोटाची एकाएकी काळजी वाटू लागली होती अशातला भाग नाही. महायुद्धात भाव भडकले होते, १९१८ च्या सुरुवातीला मुंबईत धान्याची दुकानं लुटली गेली होती, १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षांच्या जानेवारीत गिरण्यांचे मोठे संप झाले होते. कामगार म्हणत महागाई दुप्पट झाली, मालक म्हणत इतकी काही नाही, आणि मध्ये ठेवायला आकडा कुणाकडेच नव्हता. मग आकडा काढला. युद्धाआधीचा, जुलै १९१४ चा खर्च १०० धरला, तर ऑक्टोबर १९२० मध्ये तो १९३ वर गेला होता. म्हणजे कामगार फारसं वाढवून सांगत नव्हते.

मला अडकवलं ते मात्र त्या मासिकातल्या दुसऱ्याच एका कोष्टकानं. त्यात मुंबईचा भाव १०० धरून शेजारी कराची, अहमदाबाद, सोलापूर आणि पुणे यांचे भाव मांडलेले असत. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, तूरडाळ, गूळ, चहा, मीठ, मटण, दूध, तूप, बटाटे, कांदे, खोबरेल. माझ्या त्या गणकयंत्राचं हे पणजोबाच म्हणायला हवं. फरक एवढाच की यात चीज नव्हतं आणि फोन नंबर कुणी मागत नव्हतं.

हे कोष्टक करणाऱ्या कारकुनांबद्दल मला खरोखर आदर वाटतो, कारण त्यांची पहिली मारामारी भावांशी नव्हतीच, ती होती मापांशी. आज आपण किलो म्हणतो आणि विषय संपतो. तेव्हा मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा होता आणि रेल्वेचा, सरकारी शेर ८० तोळ्यांचा. मणाचंही तेच. शिवाय कित्येक ठिकाणी धान्य तोलत नसत, मापत. आमच्या गावच्या घरात अजून आजीची मापं आहेत: पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. आजी देताना शिगोशीग भरायची. घेताना समोरच्यानं हातानं सपाट केलं की तिच्या कपाळावर आठी. त्या शिगेतले दाणे कुठल्या कोष्टकात मांडणार? कार्यालयानं मग प्रत्येक गावचं माप तोळ्यांत बदलून घेतलं आणि नंतर भाव लावले. नुसतं 'पुण्यात तांदूळ स्वस्त' एवढं तीन शब्दांचं वाक्य म्हणायचं, तर त्याच्या आधी एवढी मेहनत.

पण भाव म्हणजे काही खर्च नव्हे. खर्चासाठी घरात शिरावं लागतं. मे १९२१ ते एप्रिल १९२२ या वर्षात कार्यालयानं मुंबईतल्या २,४७३ कामगार कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. सरासरी कुटुंब चार माणसांचं, महिन्याची कमाई ५२ रुपयांच्या आसपास. खर्चातले जवळजवळ ५७ टक्के खाण्यावर. सुमारे ४७ टक्के कुटुंबं कर्जात. सावकाराचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. आणि १०० पैकी ९७ कुटुंबं एका खोलीत.

त्यातला घरभाड्याचा आकडा मी दोनदा वाचला. खर्चाच्या आठ टक्क्यांहूनही कमी! आज मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या कुणाला हे सांगून पाहा. मग लक्षात येतं की हा खोलीचा भाव नाही, खोलीतल्या एका कोपऱ्याचा आहे. शिवाय १९१८ च्या कायद्यानं भाडी बांधून टाकली होती. सरकारनं १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभ्या केल्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली, एकूण २०७ चाळी. खोल्यांच्या टंचाईनं तुंबलेल्या शहरात त्यातल्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या. भाडं परवडेना आणि वरळी गिरण्यांपासून लांब पडे. आज त्याच जागी मनोरे चढताहेत. त्या भावांबद्दल मी काही बोलत नाही.

पुढे सोलापूरची पाहणी १९२५ मध्ये झाली, अहमदाबादची १९२६ मध्ये. अहमदाबादच्या कुटुंबाची कमाई ४४ रुपयांच्या घरात, सोलापूरची जेमतेम ४०. आता मुंबईचे ५२ आणि सोलापूरचे ४० शेजारी ठेवले की मुंबईचा माणूस श्रीमंत दिसतो. पण मुंबईत खाण्यावर ५७ टक्के जातात आणि सोलापुरात ५० हून थोडे कमी. अर्नस्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये मांडलेला नियम असा की घर जितकं गरीब, तितका खर्चातला मोठा वाटा पोटावर जातो. त्या नियमानं सोलापूरकर मुंबईकरापेक्षा सुखी ठरतो! सोलापूरचे माझे एक मित्र हे वाचून म्हणाले, "ह्यात नवीन काय सांगालास?"

खरं कारण साधं आहे. सोलापूरचा माणूस ज्वारीची भाकरी खातो आणि ज्वारी तिथे दारात पिकते. तिथल्या गिरण्या कामगारांना सवलतीनं धान्यही देत. मुंबईचा कोकणी माणूस भात खातो आणि मुंबईत भाताचा एक दाणा पिकत नाही. मग तुलना कशाची करायची? सोलापूरच्या कामगाराला मुंबईच्या भातावर बसवून दर काढला तर सोलापूर महाग पडेल. मुंबईच्या माणसाला ज्वारीवर बसवला तर आकडे जुळतील, पण तो दुसऱ्या दिवशी पोट धरून बसेल. त्यात एक पाहणी १९२१ ची आणि दुसरी १९२५ ची, मधल्या चार वर्षांत भाव उतरलेले. कारकुनांना हे सगळं कळत होतं. वाचणारे मात्र तेव्हाही शेवटचा आकडा बघून पान उलटत असणार.

भात-भाकरीचं हे भांडण आपल्याच मुलखातलं आहे असंही नाही. १९२९ मध्ये फोर्ड मोटार कंपनीनं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाला विचारलं, की डेट्रॉइटमधला आमचा कामगार जसा राहतो तसं राहायला युरोपातल्या शहरांत किती पैसे लागतील? डेट्रॉइटमधल्या १०० कुटुंबांचे जमाखर्च तपासले, ती यादी घेऊन माणसं शहराशहरांत फिरली. डेट्रॉइटच्या कामगाराचं राहणं इस्तंबूलच्या बाजारात मांडायला निघाले, तर कित्येक वस्तू तिथला कामगार वापरतच नव्हता. सोलापूरची ज्वारी आणि मुंबईचा भात, फक्त मोटारींसकट.

मुंबईच्या पाहणीतली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट तुरुंगाची. कामगार कुटुंब दिवसाला किती धान्य खातं हे काढल्यावर त्यांनी ते दोन मापांशी ताडून पाहिलं. एक, दुष्काळी कामावरच्या मजुराला सरकार देई ते धान्य. दुसरं, मुंबई इलाख्यातल्या तुरुंगात कैद्याला मिळणारं धान्य. उत्तर असं निघालं की गिरणी कामगार दुष्काळी कामावर देत त्या कमाल मापाइतकं धान्य खातो, पण कैद्यापेक्षा कमी. हे सरकारच्याच कार्यालयानं छापलं. दादाभाई नौरोजींनी पन्नासएक वर्षं आधी हाच काटा वापरला होता: हिंदुस्थानातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न २० रुपये आणि तुरुंगात एका माणसाला जगवायचा खर्च ३४ रुपये. दादाभाईंचा तो आरोप होता. मुंबईच्या पाहणीच्या १९२३ च्या अहवालात तो तळटीप लावून शांतपणे आला, आणि मला तर तो शांतपणाच जास्त लागला.

आता त्या ६०३ एकट्या पुरुषांकडे येतो, कारण त्यांतलाच एक असावा तसे माझे पणजोबा होते.

'एकटा' हा शब्द पाहणीवाल्यांचा. पणजोबांचं लग्न झालेलं होतं, तीन मुलं होती, म्हातारे आईवडील होते, गोठ्यात बैल होते. हे सगळे फक्त मुंबईत नव्हते, संगमेश्वराच्या अलीकडे आमच्या गावात होते. पणजोबा परळच्या एका गिरणीत कामाला आणि गाववाल्यांच्या खोलीत मुक्कामाला. खोलीत त्यांच्या वाट्याला भिंतीतली एक खुंटी, एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकजण उठून गेला की दुसरा त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळीत, चालवणारी बाई आपल्याच मुलखातली, हिशेब पगाराच्या दिवशी. हे सगळं आजीनं सांगितलेलं. तिला सासऱ्यांकडून कळलेलं, तेही त्यांच्या शेवटच्या आजारात, कारण धडधाकट असताना त्यांनी मुंबईबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

ती ट्रंक गावी माळ्यावर आहे. तिच्यात एका तारेत ओवलेल्या मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या आहेत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असे, त्यावर दोन ओळी लिहायला जागा. पोस्टमन पैसे देताना तो तुकडा फाडून देई आणि वाचूनही दाखवी, कारण पणजीला वाचता येत नव्हतं. कागद पिवळे पडून कडा विरल्यात, काहींवर शाईचे नुसते डाग. ज्या वाचता येतात त्या जवळजवळ एकसारख्या: 'रुपये आठ पाठविले. तांदूळ पुरवून वापरणे. कोणी येणार असल्यास त्याजबरोबर थोडे धाडणे.' एकीवर फक्त पाच रुपये आणि पुढे काहीच नाही. त्या महिन्यात काय झालं होतं हे आता कुणाला विचारणार?

'धाडणे' हा शब्द मी किती वेळ बघत बसलो होतो. पैसे मुंबईहून गावी जात हे सगळेच सांगतात. त्या पाहणीतही आहे: एकट्या पुरुषांच्या कमाईतला सुमारे चौथा हिस्सा गावी जाई. पण गावाहून मुंबईला काय जाई ते कुठल्याच रकान्यात नाही. बोटीनं येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचं ना कुणाचं गाठोडं असे. तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके मासे, फणसाची साठं. ज्याच्या घरून तांदूळ आला त्याचं महिन्याचं गणित वेगळं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलांची वाढ, बायकोची बाळंतपणं, आईबापांची म्हातारपणं, स्वतःचं आजारपण, हे सगळं गावाच्या खर्चात. गिरणीनं पगार दिला तो एका माणसाच्या दोन हातांचा. ते हात लहानाचे मोठे करायचा आणि झिजल्यावर पोसायचा खर्च आमच्या गावानं उचलला.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या १०० माणसांपैकी जेमतेम १६ मुंबईत जन्मलेली होती, आणि १,००० पुरुषांमागे बायका सव्वापाचशे. म्हणजे निम्मं शहर अर्ध्या संसाराचं. उरलेला अर्धा रत्नागिरीत, साताऱ्यात, देशावर कुठेतरी. मग 'मुंबईत राहायचा खर्च' म्हणजे नेमका काय? पणजोबांचं एक बिऱ्हाड परळला आणि एक गावी, आणि दोन्ही मिळून एक वही. त्यातलं परळचं पान फाडून अहमदाबादच्या पानाशेजारी ठेवलं तर तुलना दिसेल सुबक, पण हिशेब चुकलेला असेल. १९२८ मध्ये गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने पगार नाही. इतके दिवस माणसं टिकली कशी असा प्रश्न मालकांना पडला असेल, आमच्या गावात तो कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. चाकरमानी पेरणीला घरी आले होते.

यावर मी गावाचे गोडवे गायला लागलो असं वाटेल, तर थांबतो. गाव काही स्वस्त नव्हतं, आणि ते स्वतःच्या बळावर उभंही नव्हतं. याचा पुरावा मला माझ्या खिडकीतून दिसतो. मी राहतो पिंपळे सौदागरला. आज इथे आयटीवाल्यांचे फ्लॅट, सलून, कॅफे आणि संध्याकाळी तासभर हलत नाही अशी वाहतूक. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच गावाची घरोघर पाहणी केली, ती १९१७ मध्ये छापली गेली. त्यांनी १०३ कुटुंबांचे जमाखर्च तपासले. नुसत्या जमिनीवर ज्यांचं भागत होतं अशी कुटुंबं निघाली ८. आणखी २८ जणांचं भागे ते बाहेरची कमाई धरून. बाकी ६७ जणांचं कशानंच भागत नव्हतं. बाहेरची कमाई म्हणजे खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, पुण्यात दूध घालणं, असली. पुण्याच्या इतक्या जवळचं, नदीकाठचं गाव, आणि १०३ पैकी ८!

म्हणजे शहराला गाव लागत होतं आणि गावाला शहर. दोन्हीकडे कमी पडत होतं, म्हणून दोन्ही एकत्र बांधलेली. स्वस्त आणि महाग हे शब्द तिथे नीट बसतच नाहीत.

बायकोनं एवढ्यात विचारलं, "मग? त्यांना कळवायचंय ना शुक्रवारपर्यंत?" मी एक कोरा कागद घेतला आणि गणकयंत्राच्या यादीखाली आमचे रकाने पाडले. आईला दर महिन्याला पाठवतो ते. गावच्या घराची कौलं, दर दोन वर्षांनी. पावसाळ्याआधीची एक फेरी. जमेच्या बाजूला गावाहून काय येतं ते लिहायला घेतलं आणि अडलो, कारण त्याचा भाव काय लावायचा ते कळेना. बाजारभाव लावावा तर आईला राग येईल. न लावावा तर हिशेब लंगडा. तेवढी जागा पेन्सिलीनं सोडून दिली.

गुरुवारी संध्याकाळी आईचा फोन आला. "अरे, पोतं टाकलंय रात्रीच्या गाडीत. पहाटे उतरवून घे. आणि ड्रायव्हरला नीट विचार, गेल्या वेळी पुढे कुठल्या कुठे नेलंन."

पहाटे साडेचारला वाकडच्या पुलाखाली मी उभा. ट्रॅव्हल्स आली, क्लीनरनं डिकी उघडून पोतं माझ्या पायाशी टाकलं आणि म्हणाला, "अडीचशे." मी म्हटलं, गेल्या वेळी दोनशे घेतलेस. "गेल्या वेळी डिझेल काय होतं, सायेब?" त्याच्या घाईपुढे माझी घासाघीस चालली नाही. पोतं स्कूटरच्या पुढ्यात कसंबसं उभं केलं आणि घरी आणलं.

तोंडाला सुतळीची शिवण होती, आईच्या हातची, दुहेरी. ती सुरीनं उसवली. वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमसुलं, त्याखाली कुळथाच्या पिठाची पिशवी, आणि पिशवीला रबरानं लावलेली वहीच्या कागदाची घडी. आईला मोबाईलवर लिहिता येतं, तरी ती हे कागदावरच लिहिते.

'तांदूळ जुना आहे. पाणी जरा जास्त घाला. पैसे मिळाले.'